यंदा अंक बांधायला आला नाही

आमच्या छापखान्यात डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एक काम ठरलेलं असतं. शाळेचं हस्तलिखित बांधायचं. नववी-दहावीची दोन पोरं सायकलवरून येतात. कॅरिअरला सुटी पानं जुन्या चादरीत गुंडाळून सुतळीनं आवळलेली असतात. मागून तिसरा पळत येतो, वाटेत एखादं पान निसटलंच तर उचलायला. "काका, गॅदरिंगच्या आधी दोन दिवस पाहिजे," एवढंच बोलणं होतं. पैशाचा विषय निघत नाही. माझ्या वडिलांनी या कामाचे पैसे कधी घेतले नाहीत, मीही घेत नाही. बदल्यात प्रकाशनाच्या दिवशी दुसऱ्या रांगेत खुर्ची आणि एक नारळ.

यंदा कोणी आलं नाही. पुठ्ठे कापून ठेवले होते, ते तसेच राहिले. गॅदरिंग झालं. स्पीकरवरची गाणी छापखान्यापर्यंत ऐकू येत होती. मग मीच एक दिवस दुपारी शाळेत गेलो. कळलं ते असं: ड्रॉइंगचे सर मे महिन्यात रिटायर झाले, त्यांच्या जागेवर कोणी आलेलं नाही. वेळापत्रकात गुरुवारी सहावा तास अजून 'चित्रकला' असाच लिहिलेला आहे, पण त्या तासाला गणिताची उजळणी चालते. ड्रॉइंग हॉलमध्ये पोषण आहाराची पोती आहेत. पोत्यांबद्दल माझी तक्रार नाही, तांदूळ कुठंतरी ठेवायलाच हवा. अंकाचं विचारलं तर एक शिक्षक, माणूस भला, म्हणाले, "पुढच्या वर्षी पीडीएफ करू आणि ग्रुपवर टाकू. बांधणीची कटकटच नको."

शाळेचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर वाचणारे म्हणतील, त्या शाळेचं काय ते त्यांनी बघावं. तुम्ही ज्या शाळेत शिकलात तिथे यंदा हस्तलिखित निघालं का, हे आधी विचारून बघा आणि मग पुढचं वाचा.

वडिलांचा एक दंडक होता. बांधायला आलेला कागद वाचायचा नाही, मग ती वकिलाची फाइल असो की कुणाची जन्मपत्रिका. हस्तलिखिताला हा दंडक लावता येत नव्हता. रंगवलेली पानं फार नाजूक असतात. तेलखडूचा रंग समोरच्या पानाला लागतो, म्हणून मध्ये बटर पेपर घालावा लागतो. पोस्टर कलर जाड थापला असेल तर दाबाखाली तडकतो. जलरंगानं कागद फुगतो, तो आधी सरळ करून घ्यावा लागतो. म्हणजे प्रत्येक पान हातात घेऊन बघावंच लागतं. त्यात मैद्याची खळ, कीड लागू नये म्हणून मोरचूद टाकलेली, ती वाळेपर्यंत करायचं काय? असं करत करत बावीस वर्षांचे अंक माझ्या डोळ्यांखालून गेले.

उगाच वाढवून सांगत नाही. निम्मा अंक कुठल्याही शाळेच्या अंकासारखाच असतो. मुखपृष्ठावर सरस्वती, नाहीतर दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य. मुख्याध्यापकांचं मनोगत. चार सुविचार, त्यांच्याभोवती वेलबुट्टी. 'आई' नावाच्या तीन कविता. विनोद तर असे, की त्यातले काही मी स्वतः सातवीत असताना याच अंकात लिहिले होते. पानं उलटत जावं आणि मध्येच एखादं असं पान यावं की हात थांबतो.

एका वर्षी नववीतल्या एका मुलीनं वर्ग काढला होता, शेवटच्या बाकावरून दिसतो तसा. चित्रभर नुसत्या पाठी. वर बांधलेल्या वेण्या, लाल रिबिनी, आणि प्रत्येक रिबिनीची गाठ वेगळी, कुणाची घट्ट, कुणाची सुटत आलेली. लांबवर काडेपेटीएवढा फळा. बाई उभ्या आहेत पण त्यांना चेहरा नाही. चित्राच्या खालच्या कडेला तिनं स्वतःचा हात काढला होता, अर्धा उचललेला. तो वर जातोय की खाली येतोय, मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसरं एक. विषय होता 'माझी शाळा'. पोरानं शाळा जवळजवळ काढलीच नव्हती. सगळं पान एसटीनं भरलेलं. खिडकीचे गज, वरच्या दांडीला लोंबकळणारे दहा-बारा हात, कंडक्टरची चामडी पिशवी, एका आजीच्या मांडीवर कोंबडी. आणि उजवीकडच्या कोपऱ्यात, खिडकीतून दिसावी तशी, नखाएवढी इमारत आणि तिच्यावर झेंडा. हा मुलगा वाडीवरून पहिल्या गाडीनं येणारा होता. त्याच्या दिवसात शाळा किती आणि शाळेपर्यंतचा रस्ता किती, हे त्यानं इंचांत मोजून दिलं होतं. शाळेत उशिरा पोचणाऱ्या मुलांबद्दल पालकसभेत इतकी वर्षं बोलणं चालतं, पण त्या चित्राइतकं स्पष्ट कोणी बोललेलं मी ऐकलेलं नाही.

तिसरं चित्र माझ्याकडेच आहे. नुसत्या पेन्सिलीत. मुलींच्या संडासाचं दार, दाराखालच्या फटीतून दिसणारी दोन पावलं, आणि बाहेर दाराला पाठ लावून उभी असलेली दुसरी मुलगी. पाठीनं दार दाबून धरलंय, हातात इतिहासाचं पुस्तक. खाली नाव दिलंय 'मधली सुट्टी'. दाराला कडी नव्हती. गठ्ठा माझ्याकडे आल्यावर दुसऱ्या दिवशी शाळेतून फोन आला, अमुक पान काढा, पाहुणे येणार आहेत. मी काढलं. पानांचे आकडे पेननं घातलेले होते, ते बदलायला कोणाला वेळ नव्हता, त्यामुळे अंकात तीसनंतर एकदम तेहतीस येतं. पाहुण्यांनी अंक चाळला, कौतुक केलं. जानेवारी संपायच्या आत दाराला कडी बसली. माझ्या शेजारीच हार्डवेअरचं दुकान आहे, म्हणून मला कळलं. त्या चित्राचा उल्लेख कोणी केला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

ही चित्रं आपोआप येत नव्हती. त्यांच्यामागे ड्रॉइंगच्या सरांचा एक हट्ट होता, तो समजायला परीक्षेबद्दल थोडं सांगायला हवं.

शासनाच्या रेखाकला परीक्षा आपल्यापैकी पुष्कळांनी दिल्या आहेत. एलिमेंटरी आणि मग इंटरमिजिएट. कला संचालनालय त्या घेतं. वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन, आणि एक पेपर स्मरणचित्राचा. स्मरणचित्र म्हणजे समोर काही न ठेवता, आठवून काढायचं चित्र. बाजार, जत्रा, पावसाळ्यातला रस्ता, शाळा सुटतानाचा देखावा, असले विषय. नाव किती सुंदर आहे बघा. आणि आपण त्याचं काय केलं? क्लासवाल्यांनी आठवणी तयार करून ठेवल्या. डावीकडे वडाचं झाड, उजवीकडे फुगेवाला, मध्ये पाठमोरी बाई कडेवर मूल घेतलेली. एवढं पाठ केलं की जत्रा काढा, बाजार काढा नाहीतर शाळा काढा, काम भागतं. ज्या पोरांनी उभ्या आयुष्यात फुगेवाला पाहिला नाही, तीही त्याला आठवून काढतात.

सर परीक्षेची तयारी करून घ्यायचेच. त्याशिवाय गत्यंतर नव्हतं, कारण इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, ए श्रेणीला ७, बी ला ५, सी ला ३. पण गुरुवारच्या सहाव्या तासाला त्यांचा नियम वेगळा होता. त्या तासाला फुगेवाल्याला बंदी. "तुला हा कुठं दिसला रे?" असं विचारायचे, आणि पोरगं गप्प झालं की म्हणायचे, "मग आज सकाळपासून जे दिसलं ते काढ." सुरुवातीचे दोन-तीन तास वर्ग रिकामा कागद घेऊन बसायचा. मग कोणी पंप नसलेली बोअर काढायचं, कोणी कान पकडून उभा असलेला मित्र, कोणी नुसती घंटा. बारीक हाताचे तीन-चार मित्र असतील तर आडव्या कागदावर पोषण आहाराच्या पंगतीचा अख्खा देखावा. त्यातली चांगली डिसेंबरात अंकात जायची, आणि उरलेली वर्षभर भित्तिपत्रकाच्या फळ्यावर लागलेली असायची. फळा मुख्याध्यापकांच्या खोलीसमोरच होता. मला वाटतं, जागा सरांनीच निवडली असावी.

हस्तलिखिताची ही वाट त्यांनी शोधलेली नव्हती. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक चालवत. दैनिक! रोज हातानं लिहायचं. पुढे १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' मासिक काढलं. छापखाना गावात असताना हा माणूस रात्री बसून हातानं का लिहीत असेल, याचा मी धंद्याच्या नजरेनं पुष्कळ विचार केला आहे. मला लागलेलं उत्तर असं, की छापलेला कागद गावाचा होतो आणि हातानं लिहिलेला त्या घरातल्या माणसांचा राहतो. वसतिगृहातलं बोलणं वसतिगृहात, आपल्याच अक्षरात, दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर. शाळेच्या हस्तलिखिताचा जीव तिथे आहे. ज्याच्याबद्दल चित्र आहे तो माणूस ते त्याच आठवड्यात, त्याच व्हरांड्यात बघतो.

म्हणूनच "आता पोरांकडे मोबाइल आहेत, ती रील करतात, त्यांना तुमचा कार्ट्रिज पेपर कशाला" हे मला पटत नाही. रील करू देत, काही फार चांगल्या असतात. पण रील जगाला दिसते आणि मुख्याध्यापकांना दिसत नाही. शिवाय तिच्यावर पुढे कोण काय लिहील, याची भीती त्या पोरीला जन्मभर पुरते. कडी नसलेलं दार मोबाइलवर गेलं असतं तर शाळेची बदनामी झाली असती, मुलीची तर त्याहून जास्त. शाळेतल्या माणसांनीच पाहिलं, तेव्हा कडी बसली. पीडीएफचंही तसंच. पीडीएफ जरूर करा, जपायला ती उपयोगाची आहे. पण ग्रुपवर टाकलेली फाइल 'सुप्रभात'च्या दोन चित्रांमध्ये गडप होते, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे.

आता दुखणं कुठं आहे ते. कला संपली असं कोणी म्हणत नाही, उलट कागदावर ती वाढते आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तर कला आणि विज्ञान, अभ्यासक्रमातलं आणि अभ्यासक्रमाबाहेरचं, यांच्यामधल्या भिंती काढायला सांगितल्या आहेत. नववी-दहावीला 'स्वविकास व कलारसास्वाद' नावाचा विषय आहे, त्याला श्रेणी असते. आमच्याकडे ती श्रेणी मार्च महिन्यात एका बैठकीत भरली जाते, एवढंच मी लिहितो. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत कलाशिक्षणाचा निदेशक आहे, पण अर्धवेळ, तोही सहावी ते आठवीला, आणि पट शंभराच्या वर असेल तर. कायदाच चौदा वर्षांच्या वयापाशी थांबतो. म्हणजे नववी. ज्या वर्षी पोरांचा आवाज फुटतो, पोरी घरी बोलायच्या बंद होतात, ज्या वर्षी सांगण्यासारखं सगळ्यात जास्त असतं आणि सांगायची सोय सगळ्यात कमी, त्याच वर्षी ड्रॉइंगच्या माणसाची गरज संपली असं कायदा धरून चालतो. शिकवायला माणसं नाहीत असंही नाही. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ पासून उभं आहे, एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, झालेले तरुण तालुक्या-तालुक्याला आहेत. आमच्याकडचा एकजण दुकानांच्या पाट्या रंगवतो, आणि गणपतीच्या आधी दोन महिने मूर्तींचे डोळे.

दुसरं दुखणं मला जास्त लागतं, कारण ते दिसताना छान दिसतं. पोरांना चित्रं काढायला लावतात, नाही असं नाही. पण विषय वरून येतो. पाणी वाचवा, झाडं लावा, मतदान करा, रस्ता सुरक्षा. पंधरा मुलांची पंधरा चित्रं, त्यात पृथ्वीला तोंड आणि डोळे, तिच्या तोंडात थर्मामीटर. बक्षीस थर्मामीटर सगळ्यात चांगला काढणाऱ्याला. पोरांनी झाडं लावूच नयेत असं कोण म्हणेल? पण वर्षाला दहा स्पर्धा आणि दहाही घोषणांच्या, तर पोरगं हळूहळू शिकतं, की चित्र म्हणजे मोठ्या माणसांना ऐकायला आवडेल ते रंगवून देणं. हे तो एकदा शिकला की पुढच्या निबंधात, मुलाखतीत, नोकरीत तो तेच करणार.

भिंतींचंही तेच. हल्ली शाळांना 'बोलक्या भिंती' असतात. पेंटर येतो, पंधरा दिवसांत पाढे, फळं, किल्ले आणि महापुरुष रंगवून जातो. रंग झळझळीत. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' ज्यांनी पाहिला त्यांना ती चौकट आठवत असेल. धरलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन जब्या या शाळकरी पोराच्या घरचे चालले आहेत आणि मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई रंगवलेले आहेत. भिंत बोलत होतीच की. जब्याचं त्या भिंतीवर काही नव्हतं. बाबासाहेब आणि सावित्रीबाई भिंतीवर हवेतच, त्यांना कोणी हलवू नये. मी एवढंच म्हणतो, त्या भिंतीलगत चार फुटांचा एक तुकडा चुन्याचा ठेवा, जिथे पेंटर हात लावणार नाही.

मुख्याध्यापकांची भीती मला कळते, आणि तिला हसण्यात अर्थ नाही. उद्या पोरांनी शिक्षकांची टिंगल काढली तर? एखाद्याच्या जातीवरून, रंगावरून काढलं तर? संस्थेची अब्रू गेली तर? बावीस वर्षांच्या अंकांवरून सांगतो. टिंगल येते. एका वर्षी गणिताचे सर कंपासपेटीतून बाहेर येताना काढले होते. त्यांनी ते पान मागून घेतलं आणि घरी लावलं. दुखावणारंही कधी येतं, आणि ते निवडून बाजूला ठेवायला तर ड्रॉइंगचे सर हवेत. पोरांना विषय निवडू द्यायचा याचा अर्थ पोरांना मोकाट सोडायचं असा कोणी लावला नव्हता. आणि एखाद्या वेळी चित्रात असं काही दिसतं की ते अंकातही जाता कामा नये आणि फाइलीतही अडकता कामा नये. माझ्या हातात असं एक पान एकदा आलं. मी ते बांधलं नाही. संध्याकाळी सरांच्या घरी जाऊन त्यांच्या हातात दिलं. पुढं काय झालं ते त्या मुलाचं आहे, इथे लिहायचं नाही. एवढंच सांगतो, की अशा वेळी चित्राचा अर्थ लावत बसू नये. पोराशी बोलावं, आणि गरज दिसली तर १०९८ हा मुलांसाठीचा फोन नंबर लावावा. पण ते पान मुळात आलं कशामुळे? गुरुवारी सहावा तास होता म्हणून. तास नसता तर ते चित्र नसतं, आणि चित्रात होतं ते मात्र असतंच.

तेव्हा ज्यांना हे वाचून काही करावंसं वाटतंय त्यांनी, आणि माझी समजूत आहे की तुमच्यात असे बरेच आहेत, आधी आपल्या जुन्या शाळेत जावं. भाषण करायला जाऊ नका, देणगीचा चेकही सध्या खिशातच ठेवा. जुनी हस्तलिखितं कुठं आहेत ते विचारा. बहुतेक ठिकाणी ती प्रयोगशाळेच्या कपाटावर नाहीतर जिन्याखालच्या पेटीत असतात. पेटी उघडल्यावर आधी वाळवी बघा. अंक उन्हात टाकू नका, रंग उडतील. सावलीत, वाऱ्यावर ठेवा. लॅमिनेशन तर अजिबात नको, चांगल्या मनानं केलेलं लॅमिनेशन मी किती पानांचा जीव घेताना पाहिलं आहे. दिवसाउजेडी खिडकीपाशी मोबाइलवर एकेक पान नीट सरळ फोटो काढून घ्या, म्हणजे पीडीएफवाल्या गुरुजींचंही काम होईल. आणि मग तो गठ्ठा कपाटात परत न ठेवता आताच्या नववीच्या वर्गात एक तास उलटून बघू द्या. १९९० सालचं पोरगं कुठल्या बाकावर बसून काय बघत होतं, हे आजच्या पोरांना एकदा दिसलं की पुढचं त्यांना सांगावं लागत नाही.

पालक असाल तर पुढच्या पालक-शिक्षक संघाच्या सभेत एकच प्रश्न विचारा: वेळापत्रकात चित्रकलेचा तास आहे, तो होतो का? प्रश्न सभेच्या वृत्तांतात लिहून घ्यायला सांगा. तोंडी उत्तरावर समाधान मानू नका. जूनमध्ये विचारलात तर उपयोग होईल, कारण जानेवारीत सगळ्यांना दहावीच दिसते. घरी पोराच्या चित्राला "हे काय काढलंस, काहीतरी छान काढ ना" असं म्हणायचं तोंडावर आलं तर गिळा. त्यानं कडी नसलेलं दार काढलं असेल.

गणिताच्या शिक्षकांशी माझं भांडण नाही. त्यांच्यावर निकालाचा बोजा आहे, हे मीही जाणतो; माझी मुलगी यंदा दहावीला आहे आणि गुरुवारच्या त्या उजळणीचा तिला फायदाच झाला असणार. तरी सांगतो, सहावा तास परत द्या. निकाल अर्ध्या टक्क्यानं कमी लागला तर गावात चार दिवस बोलतील.

संस्थाचालकांना जागा भरण्याची मान्यता वरून लागते, ते सगळं खरं. तोपर्यंत आठवड्यातून दोन तास मानधनावर माणूस ठेवता येतो. तो पाट्या रंगवणारा एटीडी झालेला मुलगा आमच्या चौकातच राहतो, मी विचारून ठेवलं आहे, तो तयार आहे. त्याला मानधन मात्र द्या. कलेच्या माणसाला 'सेवा' म्हणून फुकट बोलवायची आपली सवय वाईट आहे, आणि हे फुकट बांधणी करणारा माणूस म्हणतोय याची मला जाणीव आहे. माझं पोट लग्नपत्रिकांवर चालतं, त्याचं हातावर आहे. खर्चाचं म्हणाल तर चाळीस पानांच्या अंकाला कागद, पुठ्ठा, कापड आणि रंग धरून माझ्या हिशेबानं हजार रुपयेही लागत नाहीत. गॅदरिंगच्या एका नाचाच्या ड्रेसचं भाडं बघा.

आणि नववीतल्या पोरापोरींनो, हा लेख तुमच्यापर्यंत पोचला असेल तर तुम्हाला कोणाच्या परवानगीची वाट बघायचं कारण नाही. ज्याचं अक्षर चांगलं त्यानं लिहावं, ज्याला रेघ जमते त्यानं काढावं, आणि ज्याला दोन्ही जमत नाही त्याला संपादक करावं, मोठ्यांच्या अंकांतही पुष्कळदा तसंच असतं. विषय सापडत नसेल तर सकाळी घरातून निघाल्यापासून प्रार्थनेपर्यंत जे दिसलं त्यातली एक गोष्ट निवडा. सरस्वती एका वर्षी नसली तर ती रागावणार नाही.

आमच्या तालुक्यातल्या कुठल्याही शाळेचा अंक मी येत्या डिसेंबरपासून बांधून देतो, माध्यमिक, जिल्हा परिषद, आश्रमशाळा, कोणतीही असो. अट एकच, निम्म्या पानांना विषय वरून द्यायचा नाही. अंक २० डिसेंबरपर्यंत आणा, गॅदरिंगच्या आदल्या रात्री आणलात तर खळ वाळत नाही. पानाचा आकार अकरा बाय चौदा इंच, म्हणजे कार्ट्रिजच्या मोठ्या कागदाचे सरळ चार तुकडे होतात आणि काही वाया जात नाही. डाव्या बाजूला दीड इंच कोरं सोडा, टाके तिथे पडतात. चेहरे त्या भागात काढू नका. तेलखडू वापरला असेल तर बटर पेपर माझ्याकडे आहे. पुठ्ठे गेल्या डिसेंबरपासून कापलेले आहेत. आणि पानांचे आकडे पेननंच घाला.